पोटाखालचे डोळे

सुजयने आपण दर रविवारी पेणजवळच्या हमरापूरच्या पोरांना रोबोट शिकवायला जाणार असल्याचं घरी जाहीर केलं, तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे अनिताताईंनी, आमटी ढवळता ढवळता एकच प्रश्न विचारला.

"हे बायोडेटात लिहिता येईल का?"

गेले आठ महिने त्या घरात प्रत्येक गोष्टीचं वजन ह्या एकाच तराजूत होत होतं. सुजय सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टवर. बायोडेटाचं अर्धं पान भरलं होतं आणि उरलेलं अर्धं त्याच्या आईकडे डोळे वटारून बघत होतं. तिथे 'समाजसेवेची आवड' असं टाकावं की काय, ह्यावर शेजारच्या बाबाजीकाकांचं मत घेण्यात आलं. घेण्यात आलं म्हणजे काय, ते खिडकीतून आपोआपच आलं.

"टाकू नका वहिनी. मुलीकडचे विचारतील, मग घरी कधी असतो?"

बाबाजीकाका एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर गाड्या सोडल्या. आता हाताशी गाड्या नाहीत म्हणून सल्ले सोडतात, आणि तेही वेळापत्रक न पाहता.

"आणि पेणवाल्यांना काय शिकवनार तू? ती मानसं देव घडवतात रे. त्यांना तू उठून यंत्र शिकवनार? त्यापेक्षा रोह्यात शिकव."

"रोह्यातल्या शाळांना माणसं मिळालीत, काका."

"मग नागोठण्याला शिकव. मधी तरी हाय."

खरं कारण सुजयने दोघांनाही सांगितलं नाही, कारण ते सांगताना त्याचा आवाज जरा वेगळा यायचा. हे शिकवणं शाळांच्या ज्या रोबोट स्पर्धेसाठी होतं, तिच्यात तो नववीत असताना उतरला होता. काळ्या पट्टीवरून चालायचं सोडून त्याचा रोबोट जागच्या जागी गोल फिरत बसला, आणि जमलेली पालकमंडळी पोट धरून हसली. तेव्हा गळ्यात निळी फीत आणि 'स्वयंसेवक' असं कार्ड अडकवलेली कॉलेजातली एक ताई त्याच्यापाशी आली. 'काय चुकलं' असं तिने विचारलं नाही. 'तुला काय वाटतं, कशामुळे होत असेल?' असं विचारलं. सुजयला काय वाटतं, हे तोवर घरात, शाळेत, वाडीत कुणी म्हणजे कुणी विचारलेलं नव्हतं. रोबोट शेवटपर्यंत गोलच फिरला. नंबर शेवटून दुसरा आला, कारण शेवटच्याचा रोबोट घरीच राहिला होता. पण ती निळी फीत सुजयच्या डोक्यात जी बसली ती बसली. आपणही कधीतरी ती घालायची, आणि असंच कुणाला तरी विचारायचं, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता, फुकट काम करायला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही असा आपला एक भाबडा समज असतो. स्पर्धा भरवणाऱ्या कुंडलिका विज्ञान मंडळाचा अर्ज चार पानी होता. त्यात रक्तगट होता, वर्तणुकीचा दाखला होता, 'यापूर्वी रोबोटपासून इजा झाली आहे काय' हा रकाना होता (मनाला झालेली धरायची की नाही, हे लिहिलं नव्हतं), आणि शेवटी कंपनीचं ना हरकत पत्र होतं.

कंपनीतले साहेब म्हणाले, "आमची हरकतच नाही. मग ना हरकत कशाला द्यायचं?"

"हरकत नाही हेच लिहून हवंय, साहेब."

"हरकत नसताना पत्र दिलं, तर उद्या कुणी म्हणेल की हरकत होती म्हणून पत्र दिलं."

ह्यावर सुजय दोन दिवस विचार करत होता. तेवढ्यात बातमी युनियनच्या नितेशपर्यंत पोचली आणि त्याने सुजयला कँटीनमध्ये गाठलं.

"तू पोरांना रोबोट शिकवनार. पोरं मोठी होनार. रोबोट घेऊन इथं येनार. मग आपून जायचं कुठं?"

"नितेश, तो एवढासा असतो रे. काळ्या पट्टीवरून जातो आणि परत येतो. दुसरं काही येत नाय त्याला."

"मग आपल्याला दुसरं काय येतं?" नितेश म्हणाला.

पण युनियनची हरकत आहे हे कळताच साहेबांनी तासाभरात सही-शिक्क्यानिशी ना हरकत पत्र दिलं, आणि नितेशच्या कृपेने सुजय स्वयंसेवक झाला.

हमरापुरात मूर्तींचे कारखाने घरोघरी. ओटीवर मूर्ती, माजघरात मूर्ती, माळ्यावर मूर्ती. माणसं उरलेल्या जागेत राहतात. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक मोकल सर उंच, बारीक, आणि प्रत्येक वाक्य रजिस्टरात लिहून घेतल्यासारखं बोलणारे. सुजयने एक खोली मागितली तेव्हा ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"खोली एकच आहे. तिच्यात पोषण आहाराचा तांदूळ आहे. तो हलवायचा झाल्यास माझ्या केबिनमध्ये हलवावा लागेल."

तांदूळ हलला. मोकल सर पोत्यांच्या आड गेले. आलेल्या माणसाला आधी पोती दिसत, मग सरांचा चष्मा, मग उरलेले सर. असं किती दिवस चालणार म्हणून त्यांनी चौथ्या रविवारी रजिस्टर काढलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं: "जानेवारीतील स्पर्धेत सदर यंत्राने एक फेरी, पूर्ण एक फेरी मारल्यास सदर खोली विद्यार्थ्यांकडे कायम. न मारल्यास सोमवारी तांदूळ पूर्ववत." खाली सुजयची सही घेतली. खिडकीच्या गजांना तीन नाकं लागली होती, त्यांनीही ते ऐकलं.

ती नाकं सुरभी, भाविका आणि रितेश ह्यांची. तिघंही आठवीतली. त्यांतली सुरभी कमी बोलायची, आणि तिने ते वाक्य फारच मनावर घेतलं. तिच्या घरी कारखाना. अभ्यासाला बसली की कुणीतरी "उठ गो, हितं गौरी सुकवायच्यात" म्हणायचं. वही ठेवली तर तासाभराने तिच्यावर सोंड ठेवलेली असायची. शाळेतली ही खोली म्हणजे तिच्या आयुष्यातली पहिली जागा, जिथे आज टेबलावर ठेवलेला स्क्रू पुढच्या रविवारी तिथेच सापडायचा. हे तिने सुजयला एकदाच सांगितलं होतं, तेही स्क्रू शोधता शोधता. सुजयने ऐकलं, आणि त्या दिवशी परतीच्या मेमू गाडीत त्याला जरा धडकी भरली.

बाकी, सुजयला 'सर' म्हणवून घ्यायची फार हौस होती. पोरं पहिल्या दिवसापासून 'दादा' म्हणायला लागली. त्याने दोनदा खाकरून पाहिलं. रितेशने पाणी आणून दिलं.

पहिला घोटाळा अंगाचा झाला. सुजयने फळ्यावर चौकोन काढून सांगितलं, "ह्याला हलकं अंग लागेल. एक किलोच्या आत. काय मिळेल त्याचं करून आणा." हमरापुरात काय मिळेल, हा विचार त्याने करायला हवा होता. पुढच्या रविवारी टेबलावर प्लास्टरचा उंदीर बसला होता. कान टवकारलेला, हातात मोदक, वजन चार किलो.

"हे काय?"

"मूषक," भाविका म्हणाली. "कारखान्यात साचा होता. पाच फुटी बाप्पाचा."

"रोबोट करायचाय आपल्याला."

"मंग उंदीरच पळतो ना, दादा. हत्ती कुठं पळतो?"

मुद्दा बिनतोड होता. चाकं लावली, तर ती चारी दिशांना फाकली आणि उंदीर पोटावर बसला. मग सुरभीने कागदाच्या लगद्याचा दुसरा उंदीर त्याच साच्यातून काढला. तो भरला सहाशे ग्रॅम. सुजय मनात थक्क झाला होता, पण तोंडाने "ठीक आहे" म्हणाला, कारण सर लोक तसंच म्हणतात. शेपटीवरून थोडा वाद झाला. शेपटी नको असं नियमपुस्तिकेत कुठेच नव्हतं, म्हणून ती राहिली.

दुसरा घोटाळा भाषेचा, आणि तो मोकल सरांमुळे झाला. पोत्यांमागून त्यांना 'चॅसिस, अलाइनमेंट, कॅलिब्रेशन' असं ऐकू जायचं. एके दिवशी ते बाहेर आले.

"मुलांशी मराठीत बोलावं. शाळेत शब्दकोश आहे. वापरल्यास झिजणार नाही."

सुजयला ते लागलं. तेव्हापासून तो प्रत्येक शब्द मराठीत आणू लागला. चॅसिसचा सांगाडा केला, मोटरला हात लावायची हिंमत झाली नाही, आणि सेन्सरना तो 'डोळे' म्हणू लागला.

"हे दोन डोळे," त्याने नखाएवढे दोन सेन्सर तळहातावर धरून दाखवले. "हे पोटाखाली बसतात. त्याला खालची काळी पट्टी बघायची असते ना."

"डोळे पोटाखाली?" भाविकाने रितेशकडे बघितलं.

"आणि वरचे?" सुरभीने विचारलं.

"वरचे डोळे कशाला हवेत?"

तिघांनीही माना खाली घातल्या. ज्या गावात मूर्तीचे डोळे शेवटी, सगळ्यात चांगल्या हाताकडून, सगळे गप्प बसून करून घेतात, त्या गावात हा प्रश्न विचारायचा नसतो. सुजयला वाटलं, पोरांना मुद्दा पटला.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी त्याने ते दोन सेन्सर स्वतःच्या हाताने सोल्डरचा डाग देऊन उंदराच्या पोटाखाली बसवले. आता फक्त ते पट्टीपासून किती उंच, किती सरळ, एवढं बघून घ्यायचं राहिलं. ते शनिवारी येऊन करू, असं सांगून तो गेला. आणि शनिवारी त्याच्या जागेवर येणाऱ्या माणसाच्या मेव्हण्याचा साखरपुडा निघाला. शिफ्टला शिफ्ट जोडली गेली. सुजयने कँटीनमधून सुरभीला फोन लावला. मागे ताटांचा खणखणाट चालू होता.

"सुरभी, मला नाय जमत यायला. घाबरू नको. सगळं झालेलं आहे. फक्त..." तो 'अलाइनमेंट' म्हणणार होता, पण डोळ्यांपुढे मोकल सर आले. "फक्त डोळ्यांची आखणी राहिलीय."

"आखणी? आम्ही करायची?"

"तुम्हीच. घाई करायची नाही. नीट, एकाग्र होऊन."

"हौसाकाकीला विचारू?"

ही हौसाकाकी कोण, सुजयला माहीत नव्हतं. असेल घरातलं कुणी वडीलधारं, रात्री उशिरापर्यंत बसायची परवानगी मागत असेल पोरगी, असं त्याला वाटलं. "विचार की. मोठ्यांना विचारलेलं बरं," तो म्हणाला, आणि निर्धास्त मनाने भात वाढून घ्यायला गेला.

रविवारी सकाळी रोह्याच्या शाळेचा हॉल गच्च भरला होता. तेवीस शाळा. जमिनीवर पांढरा पत्रा अंथरलेला, त्यावर वेडीवाकडी काळी पट्टी. सुजय गळ्यात निळी फीत घालून उभा होता. अनिताताई आल्या होत्या. बाबाजीकाका आले होते आणि दारात उभे राहून आत येणाऱ्या-जाणाऱ्या शाळा सोडत होते. कंपनीतून नितेश आला होता; शत्रू बघून ठेवलेला बरा, असं त्याचं म्हणणं.

हमरापूरची मंडळी मूर्ती नेतात त्याच टेम्पोतून आली. पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर रजिस्टर घेऊन मोकल सर. मागे पेंढ्यात तिघं पोरं, मधे तोंडावर रुमाल टाकलेला मूषक, आणि त्याच्या शेजारी साठीची एक किरकोळ अंगाची बाई, कमरेला कापडी बटवा.

"ही हौसाकाकी," सुरभी म्हणाली. "आमच्या गावात सगळ्यात भारी हात हिचा."

"कशात?" सुजयने विचारलं, पण तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला.

रितेशने रुमाल काढला आणि परीक्षक खुर्चीत सावरून बसले. उंदराला डोळे आले होते. नुसते काळे ठिपके नव्हेत. पांढऱ्यात किंचित निळसर झाक, कोपऱ्यात लालसर रेघ, बुबुळात एक बारीकसा उजेडाचा थेंब. बघणाऱ्याला वाटावं, ह्याने आपल्याला ओळखलं. दोन बायकांनी तर नकळत हात जोडले. सुजयची छाती पुढे आली. सगळा हॉल आपल्याकडे कौतुकाने बघतोय, हा अनुभव त्याला नवा होता, आणि तो साधारण अर्धा मिनिट टिकला.

सुरभीने बटण दाबलं. मूषक निघाला. पहिलं वळण आलं, पट्टी डावीकडे गेली आणि मूषक सरळ गेला. पत्रा ओलांडून, पहिल्या रांगेतल्या पालकांच्या पायांतून वाट काढत तो परीक्षकांच्या टेबलाखाली घुसला आणि एका बाईंची चप्पल ढकलत भिंतीपर्यंत घेऊन गेला.

"बघा, रोह्यात आल्या आल्या मुक्कामाची सोय बघतोय," बाबाजीकाका म्हणाले. नितेशच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं.

नियमाप्रमाणे आणखी एक संधी होती, वीस मिनिटांनी. सुजयने मूषकाला उचलून उलटा केला आणि तो तसाच उभा राहिला. पोटाखाली, दोन्ही सेन्सरवर, दोन सुंदर डोळे होते. पांढरे, काळे, लालसर कोपऱ्यांचे, वरून वॉर्निश मारलेले.

"हे काय?"

"आखणी," सुरभी म्हणाली.

"कसली आखणी?"

"तूच म्हणालास ना, दादा. डोळ्यांची आखणी राहिलीय. घाई करू नका, नीट करा. आमच्याकडं डोळे रंगवायला आखणीच म्हणतात."

"अगं, मी आखणी म्हणजे... आखणी म्हणालो होतो."

"मंग आखणीच केली की," भाविका म्हणाली.

सुजय मराठीसमोर हरला. तो पलीकडच्या टेबलाकडे रंग काढायचं काहीतरी मागायला वळला, तसा सुरभीने त्याचा शर्ट धरला. तिने काकीकडे बघितलं. हौसाकाकी बटव्यावर हात ठेवून उभी होती.

"आखलेला डोला पुसत नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. हमरापुरात डोळ्याला डोला म्हणतात आणि हौसाकाकीने तिच्या हयातीत हजारो आखले होते. "चालीस वर्सांत नाय पुसला. चुकला तरी नाय. चुकलाच नाय म्हना."

"काकी, त्या रंगामुळे त्याला काही दिसत नाय."

"माज्या डोल्यातून दिसत नाय?"

सुजय रात्रभर झोपला नव्हता, चौदा मिनिटं उरली होती, आणि आई बघत होती. तो बोलू नये ते बोलून गेला. "तुमच्या ह्या डोळ्यांपायी पोरांची खोली जाणार आहे, कळतंय का तुम्हाला?"

सुजयला त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. चूक त्याच्या शब्दाची होती आणि ती बाई पहाटे उठून, पेंढ्यात बसून, केवळ आपले डोळे एकदा चालताना बघायला आली होती. मूर्ती टेम्पोत चढली की कुठे जाते, हे तिला कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

"कंची खोली?" हौसाकाकीने सुरभीला विचारलं.

सुरभीने सांगितलं. रजिस्टर, एक फेरी, सोमवारी तांदूळ. सांगताना तिचा आवाज नीट होता, शेवटी शेवटी नव्हता. "मना घरी बसायला जागा नाय, काकी. तुला म्हाईत हाय."

हौसाकाकी खाली बसली, मूषक मांडीवर उलटा घेतला आणि सुजयकडे बघून म्हणाली, "बस हितं. मना सांग, हा बघतो कशानं?"

सुजय तिच्या शेजारी मांडी घालून बसला. "ह्यात दोन मणी आहेत. एक उजेड टाकतो. तो जमिनीवर आपटून वर येतो, आणि हा दुसरा मणी तो झेलतो. खाली काळं असलं तर उजेड परत येत नाय, तेव्हा त्याला कळतं की पट्टी आली."

"म्हंजे ही बाहुली झाली."

"व्हय."

"बाकीचं नुसतं रान."

"व्हय, काकी."

"मंग असं बोल ना. बाहुली झाकली त्यो डोलाच नव्हं. त्यो अजून आखायचाच हाय. पुसायचा कुठं आला?"

असा निवाडा स्वतःच देऊन तिने बटवा उघडला. वाटेत मूर्तीला कुठे खरचटलं तर लागतात म्हणून ब्रश आणि टर्पेंटाइनची छोटी बाटली तिच्याजवळ नेहमी असायची. तिने सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला, आणि दोन मण्यांवरचा तेवढाच रंग काढला. भोवतीची पांढरी कड, लाल कोपरा, काही काही हललं नाही. सुजयने कंपनीत मोठमोठ्या मशिनी दुरुस्त होताना बघितल्या होत्या, पण असा हात बघितला नव्हता. दुसरा डोळा करता करता ती थांबली.

"ह्यो चकना हाय."

"काय?"

"डावा डोला चकना बसलाय. भायेर बघतो. रंगवताना पन मना वाटलंच. ह्यो कोनी बसवला?"

सुजयने वर बघितलं. आई, बाबाजीकाका, नितेश आणि मोकल सर गोल करून उभे होते.

"मी," तो म्हणाला.

"तरीच," बाबाजीकाका म्हणाले.

हौसाकाकीने अंगठ्याने तो सेन्सर कणभर आत दाबला, एक डोळा मिटून बघितला, पुन्हा कणभर दाबला. सुजय शनिवारी येऊन जे करणार होता, ते झालं होतं. रंग नसता, तरी त्या चकण्या डोळ्याने उंदीर बाहेरच गेला असता, हे त्याच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुसऱ्यांदा नंबर पुकारला गेला. सुरभीने मूषक पट्टीवर ठेवला. तेवढ्यात मोकल सर पुढे आले, चष्मा सावरला, इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून मूषकाच्या कानात काहीतरी पुटपुटले. देवळात मूषकाच्या कानात नवस सांगतात तसं. सुजयला त्यातला एकच शब्द ऐकू आला. तो 'तांदूळ' होता.

मूषक निघाला. पहिलं वळण आलं, आणि तो वळला. दुसरं आलं, वळला. तिसऱ्याला जरा अडखळला. सुरभीने भाविकाचा हात इतका घट्ट धरला की भाविका ओरडायची राहिली. मूषकाने मान, म्हणजे सगळं अंगच, डावीकडे-उजवीकडे हलवून पट्टी पुन्हा धरली आणि तो सुटला तो थेट जिथून निघाला होता त्याच जागेवर आला. एक फेरी. अख्खी एक फेरी. रितेश नाचायला लागला. टाळ्या सुरू झाल्या. बाबाजीकाका कुणाला तरी सांगत होते की पेण आणि रोहा तसं एकच.

मूषक मात्र थांबला नाही. त्याने दुसरी फेरी सुरू केली. थांबायचं कसं, हे त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुजयने लिहिलंच नव्हतं. गेले तीन महिने त्याचा रोबोट निघेल की नाही ह्याचीच काळजी होती, थांबण्यापर्यंत विचार पोचलाच नव्हता. दुसरी झाली, तिसरी झाली. परीक्षक शिट्टी वाजवत होते. चौथ्या फेरीत रितेशने झडप घालून शेपटी धरली. शेपटी हातात आली आणि मूषक तसाच पुढे गेला. शेवटी भाविकाने आडवं पडून बटण बंद केलं.

"ठरलेल्या जागी थांबला नाही, म्हणून ही संधी बाद," परीक्षक म्हणाले.

सुरभीने मोकल सरांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सरांनी रजिस्टर उघडलं, ते जुनं वाक्य काढलं आणि बोट ठेवून वाचलं.

"ह्यात 'थांबल्यास' असा शब्द नाही," ते परीक्षकांना म्हणाले. "फेरी मारल्यास असा आहे. एक ठरली होती. साडेतीन झाल्या. जास्तीच्या अडीच कुठे दाखवायच्या, तो माझा प्रश्न आहे. तुमचा निकाल तुमच्याकडे ठेवा." आणि त्यांनी तिथेच, परीक्षकांच्याच टेबलावर, परीक्षकांचंच पेन घेऊन 'खोली कायम' असं लिहिलं.

सुरभी रडली नाही, हसलीही नाही. ती एकदम कुठेतरी नाहीशीच झाली. टेम्पोवाला हॉर्न देऊ लागला तरी तिचा पत्ता नाही. सुजय शोधायला गेला तर ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला, एका छोट्या शाळेच्या टेबलापाशी उकिडवी बसलेली. त्या शाळेची दोन पोरं पडेल चेहऱ्याने आपला बंद पडलेला रोबोट पिशवीत भरत होती. सुरभीने तो पिशवीतून परत बाहेर काढला होता आणि ती त्यातल्या धाकट्याला काहीतरी विचारत होती. तो आधी लाजला, मग हातवारे करून बोलायला लागला. ती मधे न बोलता ऐकत होती.

गळ्यातली फीत उगाचच सरळ करत सुजय तिथेच उभा राहिला. मागून मोकल सर आले.

"काय चाललंय? टेम्पो थांबलाय."

सुरभी उठली. "सर, ही मुलं धरमतरकडची आहेत. ह्यांना शिकवायला कोणी नाय. मी त्यांना रविवारी आपल्या खोलीत बोलावलंय."

"कुणाला विचारून?"

"खोली आमची कायम झाली ना, सर."

मोकल सरांनी रजिस्टर काखेत घट्ट धरलं. सुरभीकडे बघितलं, त्या दोन पोरांकडे बघितलं, त्यांच्या पिशवीकडे बघितलं.

"रविवारी शिपाई येत नाही," ते म्हणाले. "दर वेळी किल्ली मागायला त्याच्या घरी जायचं, हे बरोबर नाही."

सुरभीचा चेहरा उतरला.

"मी नऊ वाजता येऊन उघडेन," सर म्हणाले. "नऊ म्हणजे नऊ. आणि मला त्या यंत्रातलं काही येत नाही. कुणाला तरी मला पहिल्यापासून शिकवावं लागेल."